रशीदचाचांची रविवारची बॅच

मी दातांची डॉक्टर. माझ्यासमोर माणसं तोंड उघडतात, पण बोलत कुणीच नाही. त्यामुळं दवाखान्यात किस्से घडत नाहीत, ते मी रविवारी सकाळी गोळा करते. शेंद्र्याच्या अलीकडं रशीदचाचांचा घोडेस्वारीचा क्लास आहे. एक मैदान, चांदणी नावाची घोडी आणि आम्ही तिघं शिकाऊ. वर्षभरात इतकं साचलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून हजर. चाचा म्हणाले, "डॉक्टर, पयले नावं, मग घोडी." बसायचं ते खोगीर, पाय अडकवायची ती रिकीब, मानेवरचे केस म्हणजे आयाळ. दोन रविवार यातच गेले! तिसऱ्या रविवारी मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं आणि ऐटीत उजवीकडून चढायला गेले.

चाचा शांतपणे म्हणाले, "हौ, नावं आली. आता डावं-उजवं शिकू."

*

चाचांनी एकदा चांदणीचा ओठ वर करून दात दाखवले. म्हणाले, "बारा वर्षांची. दात झूट बोलत नाहीत. डॉक्टर, तुमच्या पेशंटचं वय कळतं का असं?"

"कळतं ना," मी म्हटलं, "पण त्यांच्या तोंडावर सांगायची सोय नाही."

*

नेहा कॉलेजात शिकते, आमच्यात सगळ्यात धीट. एकदा तिची दुडकी चाल चालली होती. दुडकी म्हणजे धड चालणं नाही, धड पळणं नाही, नुसती हाडं खिळखिळी. तेवढ्यात रस्त्यावरून एक बँड वाजत गेला. चांदणीची सगळी उमर वरातीत गेलेली. ती जागच्या जागी नाचायला लागली.

"चाचा, ब्रेक कुठंय?"

"ब्रेक कायला पायजे? नवरदेवावानी बसून राह्य. गाणं संपलं की चालंल ती."

*

तिसरे जाधव साहेब. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी बघतात. नावं पाठ होईनात म्हणून त्यांनी कंपनीतल्यासारखी लेबलं छापून आणली आणि खोगिरापासून तोबऱ्यापर्यंत सगळ्याला चिकटवली. तोबरा म्हणजे घोडीच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. पुढच्या रविवारी साहेबांनी तपासणी केली आणि वहीत लिहिलं: तोबरा, लेबल गहाळ.

"गहाळ कुठं?" चाचा म्हणाले. "पोटात हाय तिच्या."

*

खरं तर जाधवांना बसायचंच नव्हतं. घोड्याला ते लई भितात. पण त्यांची एकुलती एक मयुरी हट्टाला पेटली होती: मांडवात घोडीवरूनच जाणार, आणि लगाम पप्पांनीच धरायचा. लग्न झाल्यावर ती जर्मनीला जाणार होती. नाही कसं म्हणणार?

लगाम धरून चार पावलं चालले की जाधव भीतीनं मागं वळून बघायचे. त्यांनी बघितलं की चांदणी थांबायची. मग ते ओढायचे, आणि ती आणखीच पाय रोवायची.

"साहेब, तिच्याकडं तोंड केलं की तिला वाटतं, थांब म्हणताय," चाचांनी समजावलं. "लगाम ढिला ठेवा, पुढं बघा आन् चाला."

"अन् मागून चावली म्हंजे?"

"चावली तर कळंलच की. बघायची काय गरज?"

हे तीन महिने चाललं. लग्नाच्या आधीच्या रविवारी जाधवांनी एकदाही मागं न बघता मैदानाला आख्खा फेरा मारला. चाचांनी खूश होऊन चांदणीच्या वाटणीचा गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनीही तो मुकाट्यानं खाल्ला.

*

लग्न बिडकीनला होतं. बँडवाल्यांना आधीच गप्प बसवलेलं. मयुरी चांदणीवर, पुढं जाधव, मागं चाचा आणि आम्ही. घरापासून मांडवापर्यंत जाधव सरळ पुढं बघत चालले. लगाम ढिला, मान ताठ. चाचांचा ऊर भरून आला होता.

मांडव दहा पावलांवर राहिला आणि जाधवांनी मागं वळून वर बघितलं. चांदणी जागच्या जागी थांबली.

आतून भटजी ओरडले, "अहो चला, मुहूर्त टळतोय." पाहुणे चुळबुळायला लागले. जाधव हलेनात.

चाचा पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "साहेब, मागं नक्को बघू. थांबती ना ती."

"माहितीय, चाचा," जाधव म्हणाले. "म्हणून तर बघतोय."