आधी तोंडानं सांगायचं

वामन भोयर गेल्याचे मला नागपुरात, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीच्या जिन्यावर कळले. त्याचा धाकटा भाऊ शंकर वर्ध्याजवळच्या आंजीहून दोन बस बदलून आला होता. "भाऊ गेला. काल सकाळी," एवढेच तो म्हणाला. दोन आठवडे कावीळ होती. अंत्यविधीही उरकला होता. तार का केली नाहीस, असे मी विचारले. "त्यानंच नाई म्हटलं. पेपरात छापून याच्या पह्यले त्याले तोंडानं सांगजो, म्हणे. म्हून आलो." शंकर ज्या बसने आला, तिच्यातच वर्ध्याच्या वार्ताहराचे बातम्यांचे पार्सल होते. ते सोडवून माझ्या टेबलावर यायला तासभर लागला. त्यात बातमी होती, दोन ओळींची : जिल्ह्यातील जुन्या पिढीतील फुटबॉलपटूचे निधन. शंकर तिच्या तासभर आधी पोचला होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वामन वर्ध्याच्या एका क्लबाकडून लेफ्ट-आउट, म्हणजे आघाडीत अगदी डाव्या कडेला, खेळत असे. आंजीहून सायकलने येई, बूट नाड्या बांधून हँडलला लटकवलेले. मी त्याचा कॉलेजातला सोबती. मला खेळ जमला नाही म्हणून खेळावर लिहू लागलो आणि एका नागपुरी दैनिकाचा वर्ध्याचा वार्ताहर झालो. एका हंगामात नागपूरच्या मोठ्या संघाने वामनला बोलावले. त्या संघातून खेळणाऱ्याला पुढे सरकारी खात्यात नोकरी मिळे. मात्र ट्रान्सफरच्या फॉर्मवर जुन्या क्लबाच्या सेक्रेटरीची सही लागे. सेक्रेटरी कापडाचे व्यापारी होते. वामनच्या पायात पहिले बूट त्यांनीच घातले होते. वामनने ही गोष्ट फक्त मला सांगितली. "ऐतवारी शेठजीकडे जातो, पाया पडतो, मंग सही मागतो. तोवर तोंड बंद ठेवजो बे, पेपरवाले."

मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी चार ओळी नागपूरला पाठवल्या. बातमी आणखी कोणाला लागेल, अशी भीती वाटली होती. दुसरे कारण आजही सापडत नाही. शनिवारी ती छापून आली आणि शेठजींनी दुकानाच्या गादीवर बसून वाचली. रविवारी वामन दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी अंक पुढे टाकला. "पेपरले पह्यले सांगतं अन् मले मंग?" सही मिळाली नाही. पुढच्या वर्षी शेठजी निवळले, पण तोवर नागपूरकरांनी दुसरा लेफ्ट-आउट घेतला होता. बातमीवर माझे नाव नव्हते, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच होते. वर्ध्यात आमचा वार्ताहर एकच होता. वामनने काही विचारले नाही. मी काही सांगितले नाही...

पुढे मी नागपुरात खेळाच्या पानावर आलो. वामनने आंजीत सायकलीचे दुकान टाकले. महिन्या-दीड महिन्याने मी रविवारी तिकडे जात असे. दुकानापुढे एक बाक होता. वामन त्याच्या डाव्या टोकाला बसे. तिथेही तो लेफ्ट-आउटच, असे गिऱ्हाईक म्हणत. आमचा अंक तो खेळाच्या पानावर दुमडून तारेला अडकवी. कलकत्त्यात ट्रान्सफरचा मोसम सुरू झाला की त्या पानावर पेन्सिलीच्या खुणा वाढत. मोठे क्लब एकमेकांचे खेळाडू उचलत, सही होईपर्यंत कुठेतरी लपवून ठेवत. वामनला त्याची गंमत वाटे. "पोरगी पाह्याले जावं अन् नवरदेवच पळवून आणावा, असं करून राह्यले हे." मात्र आमच्या मथळ्यांवर तो चिडे. एका खेळाडूने संघ बदलला, त्यावर मी 'पळाला' असे लिहिले होते. "पळाला काऊन लिहिलं? मांगं पोलीस होते काय त्याच्या?" तिशी ओलांडलेल्या एका गोलकीपरला त्याच्या क्लबाने काढले, तेव्हा वामन म्हणाला, "गोलकीपर म्हंजे बैल हाय का, दात पाहून बाजारात न्याले? त्याले तर आता कुठं चेंडू समजाले लागला." त्या गोलकीपरने दुसऱ्या क्लबाकडून पुढे तीन हंगाम काढले. वामनने तो विषय पुन्हा काढला नाही. आपले खरे ठरले की तो गप्प होत असे.

क्लब सोडणाऱ्याला त्याने कधी बेइमान म्हटले नाही. त्यावर त्याचे ठरलेले मत होते. "क्लब म्हंजे भाड्याची खोली. सोडावं, त्यात काई पाप नाई. पण कुलूप लावून चाबी आपल्या हातानं मालकाच्या हातात देजो. शेजाऱ्यानं सांगू नये, का खोली खाली झाली म्हून." एकदा हे बोलताना तो चाकाच्या तारा कसत होता, माझ्याकडे त्याने पाहिले नाही. ती संधी होती. मी चहा मागवला.

वर्तमानपत्रात चुकीची बातमी गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. माझ्या त्या चार ओळींत चूक नव्हती. वामन नागपूरला जाणार होता, हे खरेच होते. त्यामुळे दुरुस्ती करायला जागा राहिली नाही, आणि पंधराएक वर्षे मी याच आडोशाला राहिलो.

तेरवी झाल्यावर आंजीला गेलो. दुकान आता शंकर पाहतो. तारेवर अंक होते, वरचा तीन आठवड्यांपूर्वीचा, खेळाच्या पानावर दुमडलेला, खुणा नसलेला. शंकर ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. मी त्याला म्हटले, "नागपूरची ती बातमी मी दिली होती."

त्याने ट्यूब फिरवली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवले.

"मालूम होतं त्याले. ज्या दिवशी छापली त्याच दिवशी मालूम होतं." मग म्हणाला, "तुमी ऐतवारी आले की मले काई कामाले भाईर धाडे तो. म्हणे, जाय, आज तो काई सांगंल वाटते... परत आलो की मी विचारो, सांगितलं काय? तर म्हणे, नाई, चहा सांगितला."

बाकाचे डावे टोक रिकामे होते. मी उजवीकडे, माझ्या जागी बसलो. शंकरने चहाचे विचारले. नको म्हटले.