आमच्या टीव्हीला चित्र नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिला वाटतं, नवऱ्याने आयुष्यात एक तरी बरी गोष्ट केली, हरवलेला आवाज शोधून काढला. नागपुरात बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने त्या दिवसाचा फोटो फ्रेम करून लावलाय. मी रोज त्याच्याखाली बसून बूट घालतो.

आमच्या लहानपणी टीव्हीवर एक जपानी अ‍ॅनिमे मालिका लागायची, हिंदीत. ढगांवरून जहाज हाकणारा एक पोरगा. चाळिशी गाठलेले आम्ही अजून तिच्यावर जीव टाकतो – हसा खुशाल. आमचा ग्रुप आहे, त्यात जुन्या भागांवरून तावातावाने भांडणं होतात. पण त्या पोराला हिंदीत आवाज कुणी दिला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाग संपला रे संपला की चॅनलवाले नावं कापून जाहिराती लावायचे.

कविताने ओळखलं. कविता माझी कॉलेजातली मैत्रीण, खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली. तिच्या घरच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली होती. वडील पुढच्या महिन्यात बघू म्हणायचे, आणि तो पुढचा महिना काही येईना. अख्खी मालिका तिने नुसती ऐकली, काळ्या पडद्यासमोर बसून. जहाज दिसायचं कसं, असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं होतं.

एका दुपारी तिचा फोन आला. रेडिओवर मसाल्याच्या जाहिरातीत एक आजी बोलत होती. "तेच बाई आहे हे गा, जहाजवाल्या पोराले आवाज देनारी," कविता म्हणाली. "वाक्य सरलं का श्वास कसा आत ओढते, ऐकून पाय."

खरंच की! मग जाहिरातवाल्यांना गाठून बाईंचा पत्ता मी लावला, हे खरं. पण ओळखलं कुणी? ग्रुपवर लिहिताना तिचं नाव टाकायला कितीसा वेळ लागला असता? मी लिहिलं – मी ओळखलं. कविता त्या ग्रुपवर नव्हती. लोकांनी मला डोक्यावर घेतलं, आणि मला तिथे बसायला आवडलं.

एवढंच असतं तर – एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

आम्ही बाईंना नागपूरला बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, पण आवाज तोच. कविता तिसऱ्या रांगेत बसली होती. बाईंनी माइकवरून मला विचारलं, बेटा, नुसत्या श्वासावरून कसं ओळखलंस? काय सांगणार होतो मी? लहानपणी नागपूरच्या महाल भागात आमच्याकडे मोठा रंगीत टीव्ही होता, गल्लीतली पोरं बघायला यायची. कविताकडे बोट दाखवायचं, बस. मी म्हणालो – आमच्या टीव्हीला चित्र नव्हतं. मी फक्त तुम्हाला ऐकलं.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा फोन मागून घेतला, रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि त्या पोराच्या आवाजात सांगू लागल्या – जहाज कसं होतं, शिडं कुठल्या रंगाची होती, वरून खालची गावं कशी दिसायची. ज्याने ते कधी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी.

तिसऱ्या रांगेकडे मी बघितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर कविता बाहेर गाडीपाशी हेल्मेट घालत होती. मला बघून थांबली. आवाज चढवला नाही तिने.

"आमच्याई टीव्हीले चित्र नव्हतं गा. तुले कधी सांगतलं होतं का मी?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. ती वाटही बघत होती त्याची, हेल्मेटचा पट्टा न लावता.

"नाही वं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली. त्यानंतर तिचा फोन आला नाही, मीही केला नाही.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. सुरुवातीला बाई माझं नाव घेतात आणि श्वास आत ओढतात. तिथेच मी बंद करतो. पुढचं सगळं कविताचं आहे. ते मी तिला अजून पाठवलेलं नाही.