पंचांचं ‘हूं’

सॉफ्टबॉलच्या पंचांना प्रशिक्षण देण्याचं काम माझ्याकडे आलं, ते मी मागितलं म्हणून नव्हे, तर बाकीच्या सगळ्यांनी अंग काढून घेतलं म्हणून. शाळेत खेळ शिकवण्याची नोकरी, कॉलेजात असताना खेळलेले थोडेफार सामने आणि मोठा आवाज, एवढ्या भांडवलावर मी दरवर्षी शालेय स्पर्धांच्या आधी एका रविवारी नागपुरातल्या हौशी पंचांना शिकवते. शिकवते असं आपलं म्हणायचं. ते येतात, सही करतात, समोसा खातात आणि प्रमाणपत्र केव्हा मिळेल ते विचारतात. लेखी परीक्षेत कोणी नापास होत नाही, कारण अवघड प्रश्न आला की मागच्या बाकावरून उत्तर सगळ्यांना ऐकू येईल असं येतं. मैदानावर उभं करून परीक्षा घ्या, हे मी संघटनेच्या सचिवांना सांगून सांगून थकले.

“मॅडम, तशी परीक्षा घेतली तर पंच उरतीन काय?” असं ते मलाच विचारतात.

आमच्या पंचांच्या सवयींवर मी एक अख्खा दिवस बोलू शकते, आणि बोलतेही. मास्क घातला की घाम येतो म्हणून काही जण बॅटरच्या मागे उभे राहायचं सोडून बॉल टाकणाऱ्या पिचरच्या मागे जाऊन उभे राहतात. काहींचा हात बॉल ग्लोव्हमध्ये पोचायच्या आधीच ‘आउट’साठी वर गेलेला असतो. एक जण तर धावणाऱ्या मुलीला “पळ वं, पळ” म्हणतो आणि मग तिलाच आउट देतो. पण या सगळ्यांवर कडी म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला हा ऐवज आमच्याकडे माणसं सकाळी गालात धरतात, ती जेवणाच्या वेळेलाच सोडतात. पंचही सोडत नाहीत. ज्या कामात बोलणं हेच निम्मं काम, ते काम हे लोक तोंडात गुळणी धरून करतात.

यातले सगळ्यांत ज्येष्ठ पंच स्वभावाने फार चांगले. कोणाचा पक्षपात नाही, उशीर नाही, बूट नेहमी पॉलिश केलेले. त्यांची नजरही पक्की. फक्त सामना सुरू झाला की त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, ‘हूं’ निघतं. मी प्रशिक्षणात सगळ्यांसमोर म्हटलं, बॉल रेषेबाहेर, म्हणजे फाऊल असेल तर मोठ्याने ओरडा, रेषेच्या आत, म्हणजे फेअर असेल तर तोंड बंद ठेवून नुसता हात दाखवा, आणि कृपा करून खर्रा बाहेर थुंकून मैदानात या. सगळे हसले. ते स्वतःही हसले आणि म्हणाले, “सवय आहे जी मॅडम, खेळाले काही फरक पडत नाही.”

फरक पडला तो मुलींच्या जिल्हा फायनलमध्ये. एका बाजूला शहरातली नेहमी जिंकणारी शाळा, दुसऱ्या बाजूला खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली शाळा, जी पहिल्यांदाच इथवर आली होती. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेत खेळणार होता. खापरखेड्याची कर्णधार बारावीत होती, म्हणजे शालेय स्पर्धेतलं तिचं हे शेवटचं वर्ष. शेवटच्या डावात तिचा संघ एका रनने मागे, दोन मुली आउट, तिसऱ्या बेसवर एक जण तयार, आणि बॅट तिच्याच हातात. मी पंचांची देखरेख करायला मंडपात बसले होते.

तिने मारलेला बॉल तिसऱ्या बेसच्या रेषेला घासत हळूहळू घरंगळत गेला. ती पहिल्या बेसकडे सुसाट निघाली. पंचांकडे तिची पाठ होती. मागून आवाज आला, “हूंऽऽ.”

ती थांबली. पंच ओरडले म्हणजे फाऊल, म्हणजे परत येऊन पुन्हा बॅटिंग, हे नियमाने बरोबरच होतं. ती वळून बॅट उचलायला परत निघाली, तेवढ्यात शहरातल्या मुलीने रेषेच्या आतला बॉल उचलून पहिल्या बेसवर फेकला. आउट. सामना संपला.

मी मंडपातून धावत गेले आणि पंचांच्याच तोंडून वदवून घ्यायला विचारलं, काय दिलं? त्यांनी हाताने थांबायची खूण केली, कुंपणापर्यंत चालत गेले, थुंकले, रुमालाने तोंड पुसलं आणि परत येऊन स्वच्छ आवाजात म्हणाले, “फेअर होता मॅडम. मी फेअरच म्हटलं.”

बॉल फेअरच होता. मीही पाहिला होता. माझी जास्त चडफड झाली ती याचीच, कारण निर्णयाविरुद्ध तक्रार करायला जागाच उरली नव्हती.

शहरातल्या त्या मुलीला मी बाजूला घेऊन विचारलं, तुला कसं कळलं? तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “मॅडम, पंच सरांचं लांब हूं म्हणजे फेअर. दोन आखूड हूं म्हणजे फाऊल. आमचे सर प्रॅक्टिसमधे रोज तसंच करून दाखवतात नं.”

मी सचिवांकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. या माणसाला पुढच्या वर्षी मैदानावर उभं करायचं नाही, असंही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “अन् त्याइच्या जागी कोणाले आणू? रविवारी उन्हात दिवसभर उभं राहाले कोण येऊन राहिलं?”

बक्षीस समारंभ झाल्यावर मी फाटकापाशी गेले. खापरखेड्याच्या मुली परतीच्या गाडीत बसत होत्या. कर्णधार बॅटची पिशवी बांधत होती. तिने रडावं, पंचांना शिव्या घालाव्यात, निदान माझ्यावर तरी चिडावं, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर मीही तिच्यासोबत चिडून मोकळी झाले असते.

“मॅडम, माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मले सरांचं हूं समजलंच नाही. आमच्याकडे ते कोणी शिकवत नाही.”

मी म्हटलं, अगं, ते शिकायचं नसतंच. चूक त्यांची आहे.

“हो, पण पुढच्या वर्षी बी तेच सर राहतीन नं?” तिने गाडीतल्या लहान मुलींकडे पाहिलं. “माझं तर झालं आता. तुम्हाले सगळ्यांचे हूं माहीत असतीन. ह्या पोरीइले शिकवून द्या नं.”

इतक्या वर्षांत मला सगळ्यांचे माहीत झाले होते. संताप आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. चालकाने गाडी सुरू करून ठेवली होती. मी त्याला जरा बंद करायला सांगितलं, दारात उभी राहिले आणि म्हटलं, नीट ऐका, लांब हूं म्हणजे फेअर. मुलींनी ते माझ्यामागून म्हटलं. एकीचं हूं आखूड झालं, तर मी तिच्याकडून परत म्हणून घेतलं.