दारात सोडलेला पावना

माझ्या आईच्या दारात त्या दोघांनी कुत्रा सोडला तेव्हा मी पनवेलला ऑफिसात होते. न्हावा शेव्याच्या बंदरातून जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायचं आमचं काम. त्या दिवशी एका कंटेनरच्या कागदांत चूक निघाली होती, म्हणून आईचा फोन मी आधी उचलला नाही. मग उचलला. आई म्हणाली, "तुजे काका-काकू गाडी घेऊन आलेले. कुत्रा ठेवून गेले. तुला ठाव हाय म्हनले."

मला ठाऊक होतं ते इतकंच, की त्यांनी मला विचारलं होतं आणि मी स्पष्ट नाही म्हटलं होतं.

काका-काकू माझ्या नात्यातले नाहीत. उरणकडच्या आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मी पनवेलच्या कॉलेजात आले तेव्हा त्यांच्या फ्लॅटमध्ये पेइंग गेस्ट म्हणून राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत खुर्चीवर कसं बसायचं, हे मला काकूंनी शिकवलं. पहिल्या मुलाखतीला मी त्यांचा ड्रेस घालून गेले होते. पदवीचा निकाल लागला तेव्हा आईच्या आधी त्यांनी मला पेढा भरवला. हे सगळं खरं आहे, आणि माझा राग सांगण्याआधी ते सांगून टाकणं मला बरं वाटतं.

कुत्रा घरी आला तेव्हाही मी तिथेच होते. त्यांची मुलगी दहावीत होती. तिच्या मैत्रिणीकडे सोनेरी केसांचं पिल्लू आलं होतं, तसंच तिलाही हवं होतं. मार्क चांगले पडले आणि एका दुपारी ते दोघं बाहेर पडले ते पिल्लू घेऊनच परतले. एका दुपारी. याच घरात त्याच वर्षी सोफ्याचं कापड बदलायचं होतं, तर काकूंनी महिनोन् महिने नमुने आणून भिंतीला लावून बघितले होते. पाणी सांडलं तर डाग पडेल का, उन्हाने रंग उडेल का, दहा वर्षं टिकेल का, असे प्रश्न त्यांनी दुकानदाराला माझ्यासमोर विचारले. पिल्लाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की आणखी फिकट रंगाचं मिळेल का.

मुलगी दोन-तीन वर्षांत शिकायला घराबाहेर जाणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या जन्मापासून त्याचीच तयारी चालली होती. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, हेही काही गुपित नव्हतं. या दोन गोष्टी कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. सकाळी त्याला फिरवायला मी नेऊ लागले. मला आवडायचं ते. पुढे नोकरी लागली, मी वेगळी खोली घेतली. मुलगी बंगळुरूला इंजिनीअरिंगला गेली. मग काकांचे गुडघे, काकूंची पाठ, असं करत कुत्रा दिवसभर बाल्कनीत राहू लागला.

या वर्षी काका निवृत्त झाले आणि त्यांनी पुण्याला नवा फ्लॅट घेतला. नव्या सोसायटीत कुत्र्यांना मनाई नव्हती, हे मला नंतर कळलं. मनाई काकूंची होती. नव्या फरशीवर केस नकोत, आणि मुलगी परदेशी गेली की सहा-सहा महिने तिकडे राहायचं. त्यांनी मला चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, तुमच्या गावाला कसं मोकळं असतं, समुद्राची हवा, मासे, तिथे तो राजासारखा राहील. मी सांगितलं, आई एकटी आहे, तिचे पाय दुखतात, मी तिला इकडे आणायच्या विचारात आहे, तेव्हा नाही जमणार. काकूंनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

पुढे जे झालं ते समजायला आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. शहरात लोक रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट टाकतात आणि पुढे जातात. आमच्याकडे असं कुणी करत नाही. गल्लीत मासळी उघड्यावर सुकत असते. ज्या बाईने आपल्या दारात प्राण्याला पहिल्यांदा भात घातला, तो प्राणी तिचा. त्याने कुणाची मासळी नासवली तर भरपाई तिने करायची. म्हणून पाळायचं नसेल तर आमच्या बाया पिल्लाला दारातूनच हाकलतात. शहरातल्या पाहुण्याला ते निर्दय वाटतं. पण पिल्लू दारात आल्यावर आमच्याकडे घराघरात बोलणं होतं. कोण बघणार, होडीवर गेल्यावर कोण घालणार, आधीचं कुत्रं त्याला राहू देईल का. मग कुणीतरी भात घालतं, आणि त्यानंतर त्याला कुणी हाकलत नाही.

काका-काकूंना मी एकदा गावच्या जत्रेला जेवायला नेलं होतं, म्हणून घर माहीत होतं. आईने मला सगळं सांगितलं. गाडीत त्याला ओकाऱ्या झाल्या होत्या, तो थरथरत होता. काकू म्हणाल्या, बिचारा सकाळपासून उपाशी आहे, घरात थोडा भात असेल तर द्या ना. आईने दिला. समोरच्या दोघी-तिघी ओट्यावर बसून बघत होत्या. भात खाल्ला गेला, आणि काकूंनी पट्टा आईच्या हातात दिला.

काकूंना आमची रीत ठाऊक नव्हती, हे मी मान्य करते. पण एका म्हातारीने भुकेल्या जनावराला भात घातला, याचा अर्थ ती त्याला मरेपर्यंत सांभाळेल, असा धरून गाडीत बसायला कुठल्याही रीतीची माहिती लागत नाही. त्याला निर्ढावलेपण लागतं.

शनिवारी मी गावाला गेले तर आमच्या दारात भांडण चाललं होतं. कुत्र्याने समोरच्या मावशींच्या सुकत घातलेल्या जवळ्यातून, त्या बारीक कोळंबीतून, फेरी मारली होती आणि वर मध्येच लोळण घेतली होती. गावची कुत्री त्या जागेच्या कडेने चालतात, लहानपणापासून शिकलेली असतात. याला कुणी शिकवणार होतं बाल्कनीत? त्याच्या लांब केसांत जवळा अडकला होता, पायांना खाडीचा चिखल, कानात गोचीड. मला बघून तो उड्या मारायला लागला.

मावशी आईला म्हणाल्या, "काय गो, तुजा पावना कदी जानार? का आता जावयासारखा राहनार?"

आई म्हणाली, "तुज्या घरी धाडू का? तुला जावई नाय तरी."

बाकीच्या हसल्या. मग आईने आत जाऊन आमचा सुकवलेला जवळा मावशींच्या टोपलीत ओतला. तो तिने माझ्यासाठी ठेवला होता. सगळे गेल्यावर ती ओट्यावर बसली आणि गुडघे दाबत राहिली.

मी तिच्यासाठी पनवेलला स्टेशनजवळ लिफ्टच्या इमारतीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. डॉक्टर जवळ, बाजार जवळ. कितीतरी दिवस समजावल्यावर ती यायला तयार झाली होती. मालकाची अट होती, प्राणी चालणार नाहीत. मी आईला म्हटलं, कुत्र्याचं मी बघते, तू चल. ती म्हणाली, "मी नाय येत. याला मी भात घातला. आता कुनाच्या दारात सोडू, तुज्या काकूसारखी?"

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो आईवर काढायचा नव्हता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी काकूंकडे गेले. घरभर खोकी होती. काकूंनी नेहमीसारखं बस म्हटलं, त्याच सोफ्यावर. त्यावर प्लॅस्टिक चढवलं होतं, प्रवासात खराब होऊ नये म्हणून. मी उभीच राहिले. कुत्रा परत घ्या, म्हटलं. काकू म्हणाल्या, अगं, तुमच्याकडे एवढी कुत्री फिरत असतात, त्यात एक. मी जवळ्याचं सांगितलं, आईच्या खोलीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाल्या, "तुला आम्ही घरच्यासारखं ठेवलं. तू आमच्यासाठी एवढंही करणार नाहीस?"

हे वाक्य येणार हे मला माहीत होतं. वाटेत रिक्षात मी त्यालाच घाबरत होते. मी म्हटलं, "काकू, तुमचे उपकार माझ्यावर आहेत. ते माझ्याकडून घ्या. माझ्या आईने तुमच्याकडून काही घेतलेलं नाही."

काकू रडायला लागल्या. काका इतका वेळ खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. ते न वळता म्हणाले, "ठीक आहे, घेऊन ये त्याला. आपटा गावात ओळखीच्यांचं फार्महाउस आहे. तिथे सोडू." तिथे कोण राहतं, असं मी विचारलं. शनिवार-रविवारी ते लोक येतात, म्हणाले. आणि सोमवार ते शुक्रवार? काकांनी चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पुढचं खोकं ओढलं.

मी कुत्रा परत आणला नाही. तो त्यांच्या हाती द्यायचा म्हणजे काय, ते मला त्या दाताने तोडलेल्या पट्टीबरोबर कळलं. त्याची लसीकरणाची फाइल मागून घेतली. आणि सांगितलं, मुलीला खरं सांगा, मी हौसेने मागून नेला असं सांगू नका. काकू म्हणाल्या, तिची परीक्षा आहे.

नंतरचे कितीतरी दिवस मी बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जो हिशेब कुत्रा आणण्याआधी त्या दोघांनी करायला हवा होता तो करत बसले. तो सहा वर्षांचा आहे, अजून तेवढाच जगेल. तोवर आई सत्तरीच्या पुढे असेल. माझं लग्न ठरलं तर समोरच्या माणसाला आईबरोबर कुत्र्याचंही सांगावं लागेल. कंपनीने गुजरातला पाठवलं तर? आई आजारी पडली आणि मला दवाखान्यात राहावं लागलं तर त्याला बाहेर कोण नेणार? त्याचे पाय गेले तर उचलणार कोण? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं असं नाही. काहींना मिळालं, काहींना मी आत्तापुरतं दिलं. मग मी हो म्हटलं. माझ्या इच्छेने नव्हे, पण विचार करून म्हटलं.

लिफ्टची इमारत गेली. एजंट फोनवर आधी विचारायचे, मच्छी खाता का, आणि त्यातून वाचले तर कुत्र्यावर अडायचं. शेवटी जुन्या पनवेलमध्ये तळमजल्यावर घर मिळालं. अंधारं आहे, दवाखाना लांब आहे, खाडीचा वारा नाही. आईला रात्री घुसमटतं. ती कुणाला दोष देत नाही. दोष द्यायचं काम मी करते, रोज, भांडी घासताना, त्याचे केस झाडताना.

संध्याकाळी आई दारात पाटावर बसते, तो तिच्या पायाशी. क्लासला जाणारी मुलं थांबतात, त्यांच्या आया थांबतात. किती गोड आहे, म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, फोटो काढतात. कुणी म्हणतं, आम्हालाही असाच घ्यायचाय, मुलगी मागे लागली आहे. आई त्यांच्याकडे वर बघते आणि अगदी सरळ तोंडाने विचारते, "नेता का मंग? आत्ताच न्या, पट्टा देते."

हात लगेच मागे जातो. बाई हसतात, उशीर झाला म्हणतात, मुलाला ओढत पुढे जातात. आई मागून ओरडते, "अवो, भात तरी घाला." आणि त्याच्या कानातली गोचीड शोधायला लागते.