खुर्चीवरचं घोंगडं

हॉटेलच्या कॅप्टननं माझ्या बापाचं घोंगडं दोन बोटांच्या चिमटीत उचललं. मेलेला उंदीर उचलतात तसं. हात अंगापासून लांब धरून तो टेबलांमधून चालत गेला. संडासाकडच्या बोळात फिनेलची बादली होती, तिच्यावर त्यानं ते टाकलं. सगळ्या हॉलनं बघितलं. मग खिशातला रुमाल काढून बोटं पुसली, आमच्या टेबलापाशी आला आणि माझ्या कंपनीतल्या साहेबांना म्हणाला, "सॉरी सर."

साहेबांना सॉरी. ज्यांचं घोंगडं होतं ते आबा तिथंच उभे होते. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात तसाच राहिला होता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बारामतीत भिगवण रोडला एका नव्या हॉटेलानं वरच्या मजल्यावर थायलंडचं जेवण सुरू केलं होतं. एमआयडीसीत परदेशी पाहुणे यायला लागले होते, त्यांच्यासाठी. मी तिथल्याच एका कंपनीत स्टोअर्सला होते. कळस गावाहून एसटीनं यायचं, एसटीनं जायचं. नोकरी कच्ची होती. पक्की करायची सही साहेबांच्या हातात. आमच्या घरात पगारावर लागलेली मी पहिलीच, म्हणून आबांचा जीव त्या सहीत अडकला होता. मी दारात चप्पल काढली की विचारायचे, "झाली का गं सही?"

साहेबांनी त्या हॉटेलात खात्याला जेवण दिलं, रविवारी दुपारी. घरच्यांनाही आणा म्हणाले. मला आई नाही. मी आबांना घेऊन गेले.

आबा ठेवणीतले कपडे घालून निघाले. पांढरं धोतर, गुलाबी पटका, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं. ते रोजचं पांघरायचं घोंगडं नव्हतं. मेंढरं विकायच्या आधी जी शेवटची लोकर कातरली, तिचं सनगराकडून विणून घेतलेलं. मेंढरं गेली, कॅनॉलचं पाणी आलं, आबा शेतीत पडले, पण हे घोंगडं पेटीत जपून होतं. आमच्यात मानाचा पाहुणा आला की त्याला घोंगड्यावर बसवतात. सोयरीक ठरते ती घोंगड्यावर बसून. ज्याला घोंगडं अंथरलं त्याला यापेक्षा मोठं देण्यासारखं आमच्या घरात काही नसतं.

आणि आबांनी ते बरोबर घेतलं त्याला कारण मीच. साहेबांच्या केबिनमधल्या फोटोचं मी त्यांना सांगितलं होतं. कंपनी सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी साहेबांचा सत्कार केला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला पटका आणि तोंडभर हसू. मोठा करून लावलेला फोटो, दार उघडलं की आधी तोच दिसायचा. आबा ऐकून खूश झाले. म्हणाले, "मंग त्यो मानूस आपली रीत जाणतोय."

हॉटेलच्या दारात एक वाढपी हात जोडून वाकत होता. थायलंडची पद्धत म्हणे. पोरगा दार्जिलिंगकडचा, पण त्याला रेशमी कपडे चढवले होते. आमच्या पुढच्या सगळ्यांना वाकला. आबांपाशी त्याचे हात अर्धे वर आले, त्यानं आत उभ्या असलेल्या कॅप्टनकडं बघितलं आणि हात खाली गेले. कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा मुकादम, काळा कोट, गळ्याला बो. आबांनी मात्र त्या पोराला राम राम घातला.

मॅडम, म्हणजे साहेबांची बायको, बसायला आल्या तसे आबा पुढं झाले. घोंगडं खांद्यावरून काढलं आणि मॅडमच्या खुर्चीवर नीट अंथरलं. चारी कोपरे सारखे केले.

"बसा वैनीसाब," आबा म्हणाले. "तुमी आमच्या पोरीचं पोशिंदं. घोंगड्यावर बसा."

मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. नाकाला रुमाल लावला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे काढायला सांगा. मला ॲलर्जी आहे."

ज्यांचा खांद्यावर घोंगडं घेतलेला फोटो आहे ते साहेब नुसतं हसले आणि बोटानं कॅप्टनला खूण केली. पुढचं वर सांगितलंच.

मग जेवण. जेवण वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. कोळंबीचं आंबट-तिखट सार, त्यात गवती चहा आणि लिंबाची पानं. नारळाच्या दुधातली हिरवी आमटी. ज्या देशातल्या बाया हे रांधतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण माशांचं आंबवलेलं पाणी घातलेली एक बशी आली, तिचा वास भिगवणच्या बाजारातल्या सुकटीला मागं टाकणारा. मॅडमनी डोळे मिटून तो वास घेतला. काय सुरेख अरोमा, म्हणाल्या. त्या वेळी त्यांची ॲलर्जी कुठं गेली होती कोण जाणे.

समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जाडंभरडं लाल-काळं कापड लावलं होतं. साहेब सगळ्यांना समजावून सांगत होते, की तिथल्या डोंगरातल्या बाया हे हातानं विणतात, फार दुर्मिळ असतं. सगळे माना वर करून बघत होते. त्या बाया काय अत्तर लावून विणायला बसतात? आमचं घोंगडं तिथून दहा पावलांवर बादलीवर पडलं होतं.

कॅप्टन एकेकाला अदबीनं विचारत होता, तिखट किती, भात साधा की चिकट. आबांपाशी आला आणि मला म्हणाला, "इनको क्या चाहिए?"

आबा माझ्या शेजारी बसलेले. तोंड जागेवर, कान जागेवर. मी उसळून बोलणार, तेवढ्यात टेबलाखाली त्यांनी माझं मनगट दाबलं.

"गप," ते पुटपुटले. "सही व्हायची हाय."

म्हणजे हा माणूस हे सगळं माझ्यासाठी गिळत होता. सारातल्या कसल्याशा मुळाची लाकडासारखी चकती त्यांनी चावली, तेव्हा साहेब म्हणाले, आबा, ते खायचं नसतं, बाजूला काढायचं. टेबल हसलं. आबाही हसले. त्यांनी भाताला हात लावला की वाढपी येऊन पुन्हा काटा-चमचा पुढं ठेवायचा. आबा पुन्हा काटा उचलायचे. कुणापुढं मान न वाकवलेला माझा बाप, भाताची शितं काट्यावर तोलत बसला होता. मला रडू येत नव्हतं. मला संताप येत होता, आणि तो कुठं ठेवावा कळत नव्हतं.

साहेब माझ्याकडं वाकले. आवाज मऊ, अगदी वडिलकीचा. "तू हुशार आहेस, पुढं जाशील," ते म्हणाले. "पण बरोबर काय घेऊन जायचं, हे ठरवायला शीक."

मी मान हलवली नाही. बस एवढंच माझ्या हातात होतं.

जेवण आटपत आलं तसा कुणीतरी कॅमेरा काढला. साहेब उठले, केस सारखे केले आणि कॅप्टनला म्हणाले, ते घोंगडं आण जरा, फोटोला मजा येईल. कॅप्टननं आणलं. पुन्हा दोन बोटांत. एक कोपरा फिनेलच्या पाण्यानं भिजून ठिबकत होता. साहेबांनी कोरडी बाजू बघून हात पुढं केला.

मी मध्ये उभी राहिले. आबांनी माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

"साहेब, हे फोटोपुरतं मिळणार नाही," मी म्हणाले.

कॅप्टनच्या हातातून घोंगडं घेतलं. भिजलेला कोपरा हातानं पिळला, पाणी त्यांच्या गालिच्यावर पडलं. आबांना उठवलं, त्यांच्या खुर्चीवर घोंगडं अंथरलं आणि त्यांना त्यावर बसवलं. मग कॅप्टनला सांगितलं, "आता ह्यांना विचारा, काय पाहिजे. मला नाही, ह्यांना."

त्यानं साहेबांकडं बघितलं. मी म्हणाले, तिकडं बघू नका. ह्यांना आवतण होतं, हे पाहुणे आहेत.

कॅप्टन दात आवळून आबांकडं वळला. "क्या लेंगे?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. सहीवर पाणी सोडायचं की नाही, ते त्या नजरेत चाललेलं मला दिसत होतं. मग त्यांनी काटा उचलून बशीबाहेर ठेवला.

"भात आना," ते म्हणाले. "आन् ह्यो काटा घिऊन जा. मी हातानं खानार."

भात आला. आबांनी कालवून खाल्ला, मीही माझा काटा सारून हातानं खाल्ला. मॅडम तेवढ्या खुर्ची लांब सरकवून बसल्या. फोटो निघालाच नाही.

सही झाली नाही. थोड्याच दिवसांत गेटवर माझं कार्ड काढून घेतलं, कारण सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे आबा स्वतःलाच दोष देत बसले. घोंगडं घरी ठेवलं असतं तर पोरीची नोकरी राहिली असती, हे ते सगळ्यांना सांगायचे. मी त्यांच्यावर ओरडायचे. पण पटलं कधीच नाही त्यांना. माझ्या बापाला स्वतःचीच रीत चूक वाटायला लावली त्या लोकांनी. त्याची भरपाई दुसरी नोकरी लागल्यानं झाली नाही, होणारही नाही. घोंगड्याच्या कोपऱ्यावर फिनेलचा डाग आहे. धुऊन जात नाही.

बरोबर काय घेऊन जायचं, हे ठरवायला शीक, म्हणाले होते साहेब. शिकले. जिथं माझ्या बापाला खुर्ची नाही, तिथं मी बसणार नाही. आणि जिथं खुर्ची मिळेल, तिच्यावर आधी हेच घोंगडं अंथरणार, डागाचा कोपरा वर करून.