बाबांच्या ऑफिसातलं थिएटर

आमच्या थिएटरचा पहिला नकाशा मी उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पुरवणीवर काढला. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या एका शाळेत मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे उरलेल्या पुरवण्या माझ्या पर्समध्ये असतातच. स्टाफरूममध्ये पट्टी घेऊन अठरा बाय बाराची चौकट आखली, एका टोकाला पडदा, पडद्यापासून अकरा फुटांवर पहिली रांग, तिच्यामागे फूटभर उंच लाकडी ओटा आणि त्यावर दुसरी रांग. चौकट आखून झाली तेव्हा मला आठवलं की ही खोली अजून माझी नाहीच. तिला कुलूप आहे आणि किल्ली सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, उशीखाली.

जयेंद्रगंजातल्या आमच्या घराची ती खालच्या मजल्यावरची खोली म्हणजे बाबांचं वकिलीचं ऑफिस. चाळीस वर्षं त्यांनी तिथे अशील बसवले. मागची अख्खी भिंत कायद्याच्या पुस्तकांनी भरलेली. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ते कोर्टातून लवकर घरी आले, खोलीला कुलूप घातलं आणि पुन्हा कधी काळा कोट चढवला नाही. काय झालं ते कुणालाच सांगितलं नाही. ऐकू कमी येऊ लागलं होतं हे आम्हाला माहीत होतं. कानाचं मशीन आणलं होतं, पण जेवताना चार माणसं बोलायला लागली की ते नुसते "हो, हो" म्हणायचे. पुढे तेही थांबलं. ताट उचलून स्वतःच्या खोलीत जेवायला लागले.

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घरी थिएटर हवं होतं ते मॅचसाठी आणि मैत्रिणींसाठी. ह्यांना हवं होतं कारण शेजाऱ्यांकडे होतं. मला हवं होतं ते बाबांसाठी, पण हे मी कुणाला बोलले नव्हते, कारण बहिऱ्या माणसासाठी थिएटर म्हटलं की लोक हसतील हे मला ठाऊक होतं.

बाबाही हसले. मी त्यांच्या समोर, उजेडात बसून, ओठ नीट दिसतील असं बोलले, "बाबा, खालची खोली द्याल का? सिनेमाची खोली करायचीय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. "आंधळ्याला आरसा."

"तुम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येईल अशी करीन."

 मग त्यांनी मला त्या दुपारची कोर्टातली गोष्ट सांगितली. जजसाहेबांनी पुढची तारीख विचारली होती. बाबांना वाटलं, ते तारीफ करताहेत. त्यांनी मान झुकवून म्हटलं, "शुक्रिया हुज़ूर." सगळं कोर्ट हसलं. समोरचा वकील तर त्यांचाच जुना ज्युनिअर होता, तोही हसला.

"त्या हसण्याचा तर आवाज मला स्पष्ट आला," बाबा म्हणाले, आणि उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "पुस्तकं मात्र हलवायची नाहीत."

मला पुस्तकं हलवायचीच नव्हती. खोली उघडल्यावर मी आधी मधोमध उभी राहून जोरात टाळी वाजवली. टाळी पुढच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतींवर, खालच्या दगडी फरशीवर आपटून टण्‌टण् करत राहिली. मागच्या भिंतीकडून मात्र काही परत आलं नाही. लहानमोठ्या जाडीची ती पुस्तकं आवाज मोडून टाकत होती. बाजारात याच कामासाठी महागडे लाकडी ठोकळे मिळतात. बाबांनी ते चाळीस वर्षांत एकेक करून रचून ठेवले होते.

नई सडकेवर सिनेमाचं सामान लावून देणारं एक दुकान आहे. दुकानदार गोड बोलणारा. मी पुरवणी त्याच्यासमोर पसरली तेव्हा त्याने आधी ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, बजट?"

"नकाशा मॅडमचा आहे," हे म्हणाले आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना अजून चहा पाजते.

दुकानदाराचं म्हणणं सोपं होतं. बुजुर्ग आहेत ना, मग मोठे स्पीकर लावा, आवाज वाढवा. मी त्याला वर्गात सांगते तसं सांगितलं. कानाच्या मशीनला माइक असतो. तो एसीची घरघर, खुर्चीची करकर, रस्त्यावरचा टेम्पो आणि सिनेमातलं बोलणं हे सगळं सारखंच मोठं करतो. बाबांना आवाज कमी येत नाही, आवाजांची खिचडी येते. त्यातून डाळ वेगळी काढायची आहे.

"वह कैसे होगा मैडम?"

"तारेनं."

फरशीवर, गालिच्याखाली, खोलीच्या चारी कडांनी तांब्याच्या तारेचा वेढा घालायचा. सिनेमाचा आवाज विजेच्या रूपात त्या तारेतून फिरवायचा. तार आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते, आणि कानाच्या मशीनमध्ये एक इवलीशी कॉइल असते, ती ते पकडते. मधे हवा नाही, भिंती नाहीत, एसी नाही. पडद्यावरचा माणूस थेट कानात बोलतो. परदेशात प्रार्थनागृहांत, तिकीटखिडक्यांवर हे असतं, असं मी वाचलं होतं. दुकानदाराने कधी लावलं नव्हतं. "पर करके देखेंगे," तो म्हणाला, आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला.

मशीनमध्ये कॉइल आहे का, हे बघायला मी बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाल्या, "है तो सही. किसी ने चालू ही नहीं की." चार वर्षं ती कॉइल बाबांच्या कानात झोपून होती. बाईंनी ती जागी केली आणि मशीनवरचं बारीक बटण दाबून कॉइल कशी निवडायची, ते बाबांना तीनदा दाखवलं.

मग दीड महिना घरात धूळ होती. रस्त्याकडच्या खिडकीला दुहेरी काच बसली. दाराला खालून रबराची पट्टी लागली. बाजूच्या भिंतींसाठी मी गादीवाल्याकडून चपट्या, घट्ट गाद्या शिवून घेतल्या, त्यावर करड्या रंगाची खादी ताणली आणि सुताराकडून चौकटीत बसवल्या. गादीवाला पुन्हा पुन्हा विचारत होता की या गाद्यांवर झोपणार कोण. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरमध्ये एसीशिवाय बंद खोलीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं, म्हणून एसी सर्वांत शांत चालणारा निवडला. तार मी स्वतः अंथरली. शनिवारी शाळा सुटल्यावर गुडघ्यांवर बसून, कडेकडेने चिकटवत. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू सच में पागल आहेस," आणि मग तीही खाली बसून टेप कापून देऊ लागली.

पहिली चाचणी रविवारी सकाळी झाली. बाबा त्यांच्या जुन्या वेताच्या आरामखुर्चीत बसले. पडद्यावर बातम्या लावल्या. त्यांनी बटण दाबलं आणि लगेच तोंड वाकडं करून मशीन कानातून काढलं.

"भुंगा आहे," ते म्हणाले. "सारखा भुणभुण करतोय. त्याच्यामागे कुणीतरी बोलतंय."

इलेक्ट्रिशियन म्हणाला, मशीन खराब असेल. हे म्हणाले, जाऊ दे, पडदा तर छान दिसतोय. बाबा उठून जिना चढून गेले. त्यांचं ते उठून जाणं मला सगळ्यांत लागलं. आम्ही त्यांना आशा दाखवून पुन्हा एकदा कोर्टात उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून मी परवानगी घेऊन तारेचं एक वेटोळं आणि एक छोटा अॅम्प्लिफायर आणला. वेटोळं त्याला जोडलं, त्याला हेडफोन लावला आणि झालं माझं स्वतःचं कानाचं मशीन. ते हातात धरून मी खोलीभर फिरले, डॉक्टर छाती तपासतात तशी भिंती तपासत. भुंगा मला ऐकू येत होता. पडद्याजवळ बारीक, पुस्तकांजवळ त्याहून बारीक. दारापाशी गेले आणि कान फाटायची वेळ आली. तिथे दिव्यांचा बोर्ड होता. त्यावर ते फिरवायचं बटण, ज्याने सिनेमागृहासारखे दिवे हळूहळू मंद होतात. मी दिवे पूर्ण बंद केले. भुंगा गायब. अर्धे केले. भुंगा परत. डिमर नावाच्या त्या बटणातूनही चुंबकीय क्षेत्र निघत होतं आणि कॉइल तेही पकडत होती.

मी तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. इलेक्ट्रिशियनला फोन करून बोलावून घेतलं.

"डिमर तो थिएटर की शान है मैडम," तो हळहळला.

"तो फिर शान निकाल दीजिए," मी म्हटलं.

डिमर निघाला, साधी खटक्याची बटणं लागली. मी पुन्हा वेटोळं घेऊन फिरले. हेडफोनमध्ये आता बातम्या देणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येत होता.

बाबा यायला तयार नव्हते. मुलीनेच त्यांना आणलं. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण ते धोतर बदलून, नीट तयार होऊन आले. तिने कोर्टातला एक जुना चित्रपट लावला. मला भीती वाटली की तिने चूक केली. त्यांना तोच प्रसंग आठवेल.

बाबांनी बटण दाबलं. दहा मिनिटं ते हलले नाहीत. मी पडद्याकडे बघतच नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं ते घरात आमच्या तोंडाकडे बघून हसायचे, आम्ही हसलो की मागून, थोडं उशिरा. आता ते कुणाकडेच बघत नव्हते. पडद्यावर वकील साक्षीदाराला काहीतरी विचारत होता, आणि अचानक बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"ऑब्जेक्शन!" ते गरजले. "लीडिंग क्वेश्चन आहे! स्वतःच्या साक्षीदाराच्या तोंडात असं उत्तर घालताच येत नाही!"

क्षणभराने पडद्यावरचा दुसरा वकील उठला आणि त्यानेही हरकत घेतली.

मुलगी किंचाळली, "आजोबा, आपने पहले बोला!" हे टाळ्या वाजवायला लागले. बाबांनी आम्हाला हात करून गप्प बसवलं. "ऐकू दे," ते म्हणाले. "गाढव आहे तो वकील. केस हरणार." आणि शेवटपर्यंत त्यांनी त्या वकिलाची प्रत्येक चूक आम्हाला सांगितली. इतकं बोललेले बाबा मी चार वर्षांत पाहिले नव्हते. चित्रपट संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोर्टातही अशी तार असती तर मी अजून पाच वर्षं काढली असती."

पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन मित्र आले, दोघांच्याही कानात मशीनं. मग त्या मित्रांचे मित्र. डॉक्टरबाई फोनवर हसून म्हणाल्या की रोज कुणीतरी म्हातारा येऊन म्हणतो, माझीही कॉइल जागी करा. मुलीला मॅचसाठी आता आजोबांकडे आधी सांगून ठेवावं लागतं.

गणपतीत आमच्या मराठी मंडळींच्या हॉलमध्ये दर वर्षी नाटक होतं. बाबांनी कार्यकारिणीत विषय मांडला की पहिल्या तीन रांगांखाली तार घालावी. कुणी म्हणालं खर्च, कुणी म्हणालं गरज काय. बाबा उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. ठराव एकमताने पास झाला. आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "जिंकलो."

तार मीच घातली, या वेळी माझ्या बारावीच्या विद्यार्थिनींना घेऊन. नाटकाच्या दिवशी पहिल्या रांगेत बाबांसकट सात जण ओळीने बसले होते, सगळ्यांची बोटं कानामागे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तारेला जोडलेला रंगमंचावरचा माइक विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या अगदी जवळ होता. हॉलमधल्या कुणालाच त्याची कुजबुज ऐकू येत नव्हती, या सात जणांना मात्र ती लख्ख ऐकू येत होती. दुसऱ्या अंकात नायक वाक्य विसरला. प्रॉम्प्टरने ते दोनदा सांगितलं, नायकाला कळलं नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून सात म्हाताऱ्या आवाजांनी ते वाक्य खणखणीत म्हटलं. नायकाने हात जोडले आणि सगळ्या हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या.