जिनिंगमधला दिवा

आमच्या विद्यापीठाच्या कपाशी संशोधन केंद्राची पाटी चांगली मोठी आहे, पण पुलगाव स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला ते नाव सांगितलं तर तो नुसता बघत राहतो. ‘जुन्या जिनिंगात’ म्हटलं की लगेच ऑटो सुरू करतो. जिनिंग बंद पडून बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तिथे बाभळी माजल्या, छपराचे पत्रे उडाले, आणि मग विद्यापीठाने ती जागा घेतली. कापसातून सरकी काढणारी यंत्रं ज्या लांबलचक दालनात धडधडायची, तिथे आता प्रयोगशाळा आहे आणि गाठींच्या गोदामात ग्रंथालय. भिंती जुन्याच ठेवल्यात. कितीही झाडा, वरच्या फटींतून अजून रुईचे पुंजके खाली येतात. मला ते आवडतं. माझ्या गाइड मॅडमना अजिबात आवडत नाही.

माझे बाबा या जिनिंगचे चौकीदार होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातली काडेपेटी आणि विडी काढून घेणं हे त्यांचं मुख्य काम. एकदा मालकाच्या जावयाचीही सिगारेट त्यांनी काढून घेतली होती. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हा किस्सा यायचा. स्वतः त्यांनी कधी विडी ओढली नाही. ओढत असते तर रोज स्वतःचीच झडती घेतली असती.

मी पीएचडीसाठी नेमकी तिथेच लागले तेव्हा बाबांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले, पण केंद्र बघायला काही येईनात. “थे तुमचं शिकल्या-सवरल्याचं काम. मी तिथं येऊन काय करू?” नोकरीभर ते उन्हातान्हात फाटकावर उभे राहिले, पण त्या दालनात त्यांना ‘या, बसा’ म्हणून कोणी बोलावलं नव्हतं. तिथे त्यांची पोरगी खुर्चीवर बसते हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी अक्षरशः त्यांच्या मागे लागले.

शेवटी एकदाचे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर धुतलेला दुपट्टा. फाटकावरच्या गार्डला जयभीम घातला आणि त्याने न विचारताच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तो बिचारा गोंधळून गेला.

कपाशीच्या रोपाचा बारीकसा तुकडा बाटलीत वाढवायचा, हे माझं काम. जंतू शिरले की बाटली वाया गेली. म्हणून सगळं एका काचेच्या पेटीत, स्वच्छ हवेच्या झोतात करायचं, आणि चिमटा दर वेळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. बाबांना दाराशी उभं केलं. कित्येक महिने जपलेल्या बाटल्या पुढ्यात घेतल्या, दिवा पेटवला आणि मोठ्या ऐटीत एकेक झाकण काढलं.

“आग! आग!” बाबा ओरडत धावत आले. मला खुर्चीसकट मागे ओढलं आणि पेटीत डोकं घालून दिव्यावर फुंकर मारली. विझेना म्हणून आणखी जोरात मारली. मग वर दुपट्टा दाबून धरला.

प्रयोगशाळेतली पोरंपोरी आधी थिजली, मग हसत सुटली. मॅडमसुद्धा तोंड फिरवून हसल्या. मी मात्र भडकले. “बाबा, काय केलं हे! सगळं काम मातीत गेलं न माझं!” दुपट्ट्याची घडी करत बाबा निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. दालन त्यांनी धड पाहिलंच नव्हतं, याचं मला बाटल्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी आले तरी माझी तणतण चालूच होती. “काऊन बोलून राह्यली वो त्याहिले?” आई म्हणाली. बाबा ओसरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि जरा नरमाईने म्हटलं, “मालक गेला, कापूस गेला, जिनिंग गेली. आता तिथं तुमी काय वाचवून राह्यले होते बाबा?”

बाबांनी मांडीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला.

“तवा आतमधी मालकाचा कापूस राहे,” ते म्हणाले. “आगीत जयला असता त त्यानं दुसरा भरला असता. आज आतमधी तू होती.”